मालक परका, गुपित घरचे

१९९२ साली अमेरिकेतील एका दिवाळखोरी न्यायालयापुढे वरकरणी साधी वाटणारी एक विक्री मंजुरीसाठी आली. पोलाद आणि विमानबांधणी या दोन्ही धंद्यांत पाय रोवून असलेली एलटीव्ही ही कंपनी १९८६ पासून दिवाळखोरीत होती. धनकोंची देणी भागविण्यासाठी तिने आपले विमान व क्षेपणास्त्र विभाग विकावयास काढले. या धनकोंत निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाची हमी घेणारे सरकारी महामंडळही होते. लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून एक बोली लावली. थॉमसन-सीएसएफ या फ्रेंच कंपनीने कार्लाइल या अमेरिकी गुंतवणूक संस्थेच्या जोडीने त्याहून मोठी, सुमारे ४५ कोटी डॉलरची बोली लावली. न्यायालयाने मोठी बोली मान्य केली. दिवाळखोरीच्या कायद्याला धनकोंचे हित पाहावयाचे असते. मालाचा गिऱ्हाईक कोणत्या देशाचा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

परंतु विकला जाणारा माल हातमाग किंवा साखरेचा कारखाना नव्हता. अमेरिकी लष्कराची अनेक नळ्यांची रॉकेट-यंत्रणा येथे तयार होत होती, बी-२ या बाँबफेकी विमानाचे भाग येथे बनत होते आणि पुढे पॅट्रियट यंत्रणेच्या नव्या पिढीत ज्याचा उपयोग झाला, त्या क्षेपणास्त्राचे कामही येथेच चालू होते. थॉमसनचे निम्म्याहून अधिक भाग फ्रेंच सरकारच्या मालकीचे होते. आखाती युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते आणि या कंपनीने इराकला रडार विकल्याची आठवण वॉशिंग्टनमध्ये ताजी होती. सिनेटमध्ये गदारोळ उठला.

या प्रकरणाचा निकाल मात्र सिनेटमधील भाषणांनी लागला नाही. तो एका करारनाम्याच्या मसुद्यावर लागला. थॉमसनची तयारी अशी होती की, कंपनीच्या संचालक मंडळावर काही स्वतंत्र अमेरिकी संचालक असावेत, पण मालक म्हणून आपलाही आवाज तेथे राहावा. संरक्षण खात्याचे म्हणणे असे होते की, इतक्या नाजूक कामाच्या बाबतीत मालकाने मंडळातून पूर्णपणे बाहेर पडावे आणि आपला मताधिकार सरकारमान्य अमेरिकी नागरिकांच्या हवाली करावा. थॉमसनला ते मानवले नाही. जुलैमध्ये तिने माघार घेतली. सौदा मोडल्याबद्दल तिने एलटीव्हीला दोन कोटी डॉलर द्यावेत, असा निर्णय पुढे न्यायालयात झाला. क्षेपणास्त्र विभाग लोराल या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि १९९६ मध्ये लोरालच्या संरक्षण-व्यवसायाबरोबर लॉकहीड मार्टिनकडे आला.

पैसे देणारा मालक आणि गुपित जाणणारा मालक हे एकच असले पाहिजेत काय, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. भांडवल देशोदेशी हिंडत असताना आणि शस्त्रास्त्रांचे उत्पादन मात्र राष्ट्राच्या कुंपणात ठेवावयाचे असताना तो प्रत्येक देशापुढे उभा राहतो. अमेरिकेने त्याला दिलेले उत्तर बारकाईने पाहण्यासारखे आहे.

जुने दुखणे

हे दुखणे आजचे नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ साली अमेरिकेतील बॉश अँड लाँब ही भिंगे व दुर्बिणी बनविणारी कंपनी आणि जर्मनीतील कार्ल झाइस यांच्यात एक करार झाला. लष्करी दृक्-उपकरणांची बाजारपेठ दोघांनी वाटून घेतली आणि तांत्रिक माहितीची देवघेव ठरली. बॉश अँड लाँबने लष्करी उपकरणांच्या विक्रीवर झाइसला स्वामित्वशुल्क द्यावयाचे होते. शुल्क मोजावयाचे तर विक्रीचा हिशेब आला. म्हणजे अमेरिकी लष्कर कोणत्या प्रकारची उपकरणे किती घेते, याचा अंदाज घेण्याचे साधन हिशेबाच्या कागदांतूनच जर्मन कंपनीच्या हाती पडत होते. या कामी हेर लागला नाही की कुलूप फोडावे लागले नाही. १९४० मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, तेव्हा हा प्रकार चव्हाट्यावर आला.

या जुन्या प्रकरणात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, झाइसचा प्रभाव चालला तो मालकीमुळे नव्हे, तर करारामुळे. बॉश अँड लाँब अमेरिकीच कंपनी होती. भागधारकांची यादी चाळून कोणालाही संशय आला नसता.

दहा प्रश्नांचा कागद

अमेरिकेतील आजची व्यवस्था या अनुभवातून शहाणी झालेली दिसते. गोपनीय कंत्राटे घेणाऱ्या खाजगी उद्योगांसाठी १९९३ च्या जानेवारीत अध्यक्ष बुश (थोरले) यांनी एका आदेशाने एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला; त्याची नियमावली २०२१ पासून केंद्रीय नियमसंहितेचा भाग झाली आहे. परकीय मालकी, नियंत्रण किंवा प्रभाव, असे तीन शब्द या नियमावलीत नेहमी जोडीने येतात आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या विषयालाच 'फोकी' असे नाव पडले आहे. तिसरा शब्द पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा. मालकी नोंदवहीत दिसते, नियंत्रण संचालक मंडळात दिसते. प्रभाव कोठेच दिसत नाही, तो विचारून काढावा लागतो.

म्हणून गोपनीय कामाची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक कंपनीला दहा प्रश्नांचे एक प्रतिज्ञापत्र भरावे लागते. मताधिकाराचे पाच टक्के वा अधिक भाग कोणा परकीयाकडे आहेत काय, हा त्यातील पहिला प्रश्न. पण कागद तेथे थांबत नाही. कंपनीचे संचालक वा अधिकारी परदेशी नागरिक आहेत काय? संचालक नेमण्याचा हक्क कोणा परकीयाला आहे काय? परकीयांशी करारमदार आहेत काय? परकीयांचे कर्ज आहे काय? एकाच परकीय गिऱ्हाइकाकडून पाच टक्के, किंवा सर्व परकीयांकडून मिळून तीस टक्के उत्पन्न येते काय? दहा टक्के वा त्याहून अधिक भाग दुसऱ्याच कोणाच्या नावाने धरलेले आहेत काय? कर्जाचा आणि उत्पन्नाचा प्रश्न विचारणाऱ्याला व्यवहाराचे मर्म कळले आहे, असे म्हटले पाहिजे. सावकार शेताचा मालक नसतो. पण कोणते पीक घ्यावयाचे हे पुष्कळदा तोच ठरवितो.

उत्तरे 'होय' आली म्हणून दार बंद होत नाही. परकीय हितसंबंध कोणत्या देशाचा, त्या देशाचा हेरगिरीचा पूर्वेतिहास काय, मालकामागे सरकार आहे काय, माहिती किती नाजूक आहे, कंपनीची आजवरची वर्तणूक कशी आहे, हे सारे तोलून उपाय ठरतो. भाग थोडे असून संचालक नेमण्याचा हक्क नसेल, तर संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. हक्क असला तरी वर्चस्व नसेल, तर सुरक्षा-नियंत्रणाचा करार होतो. वर्चस्व असेल, तर 'विशेष सुरक्षा करार' होतो. त्यात मालकाचा प्रतिनिधी मंडळावर बसतो, पण त्याच्याबरोबर कंपनीशी पूर्वसंबंध नसलेले अमेरिकी संचालक बसतात आणि गोपनीय कामाची सूत्रे वेगळ्या समितीकडे राहतात. शेवटचा उपाय मुखत्यार-कराराचा किंवा विश्वस्त-मंडळाचा. थॉमसनने नाकारला तो हाच.

खंड मालकाचा, बांध दुसऱ्याचा

या शेवटच्या उपायाचे स्वरूप मराठी वाचकाला जमीनदारीच्या भाषेत चटकन कळेल. शेत मालकाच्या नावावर आहे आणि खंडही त्यालाच मिळतो. मात्र बांधावर पाऊल टाकावयाचे नाही आणि नांगर कोठे घालावा हे सांगावयाचे नाही. परकीय मालकाला नफा मिळतो. कंपनी विकणे, दुसरीत विलीन करणे, गहाण टाकणे, मोडीत काढणे किंवा दिवाळखोरीत नेणे यांसारख्या मोजक्या गोष्टींत त्याची संमती लागते. बाकी सर्व बाबतींत मताधिकार किमान तीन अमेरिकी नागरिकांकडे असतो. त्यांचा मालकाशी पूर्वी संबंध आलेला नसावा आणि त्यांना गोपनीय माहितीची परवानगी मिळण्यासारखी असावी, अशी अट असते. मालकाकडील माणसांच्या भेटीगाठी आधी मंजूर कराव्या लागतात आणि नोंदवाव्या लागतात. दूरध्वनी व विद्युत्-टपाल यांवरही ठरलेल्या आराखड्याप्रमाणे देखरेख असते. वर्षाअखेरीस सर्वाचा अहवाल सरकारला द्यावा लागतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक मौज दिसेल. बर्ली आणि मीन्स यांनी १९३२ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आधुनिक कंपनीचे निदान केले, ते असे की भागधारकाच्या हाती मालकी उरते आणि नियंत्रण व्यवस्थापकांकडे जाते. ही फारकत हा भांडवलशाहीतील एक रोग, असे तेव्हापासून पाठ्यपुस्तके सांगत आली. अमेरिकी संरक्षण खात्याने त्याच रोगाची मात्रा करून ती जाणूनबुजून पाजली. मालक दुबळा असणे येथे दोष नसून हेतू आहे.

ही मात्रा लागू पडते काय? उघड मालकीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी लागू पडली, असे म्हणण्यास आधार आहे. ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने २००० साली लॉकहीड मार्टिनकडून सँडर्स हा विद्युत्-युद्धतंत्राचा विभाग घेतला आणि २००५ साली ब्रॅडली चिलखती गाडी बनविणारी युनायटेड डिफेन्स ही कंपनी घेतली. तिची अमेरिकी शाखा विशेष सुरक्षा कराराखाली चालते आणि पेंटॅगॉनच्या मोठ्या पुरवठादारांत गणली जाते. इटलीच्या फिनमेकॅनिकाने २००८ मध्ये डीआरएस ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी घेतली, तेव्हा तिला मुखत्यार-करार स्वीकारावा लागला. सर्वांत बोलके उदाहरण थॉमसनचेच. १९९८ च्या सुमारास तिचे खाजगीकरण झाले, २००० साली तिने रॅकल ही ब्रिटिश कंपनी घेतली आणि थेल्स हे नाव धारण केले. रॅकलबरोबर तिच्या पदरात अमेरिकी सैनिकांसाठी बिनतारी संच बनविणारा कारखाना पडला, आणि तो मुखत्यार-कराराखाली चालला. १९९२ मध्ये जी अट नकोशी वाटली, तीच अट त्याच घराण्याने पुढे पत्करली.

अर्थात या व्यवस्थेला किंमत आहे. पूर्वसंबंध नसलेले तीन लायक संचालक शोधा, त्यांना वेतन द्या, लेखापाल आणि वकील नेमा, प्रत्येक भेटीची नोंद ठेवा, हा खर्च मोठी कंपनी पेलते. लहान कंपनी तो पाहूनच मागे फिरते. विशेष सुरक्षा कराराखालील कंपनीला अतिगोपनीय माहिती द्यावयाची, तर त्यात राष्ट्रहित आहे असा वेगळा निर्णय सरकारला करावा लागे आणि त्यात महिने जात. मित्रदेशांच्या कंपन्यांनी याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली. २०१८ च्या कायद्याने ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील पात्र मालकांना या पायरीतून मोकळीक दिली आणि ती २०२० पासून अमलात आली. येथे सुरक्षेच्या नियमात राजकारण शिरले, असा आक्षेप घेता येईल. पण मित्र कोण हे ठरविणे राजकारणाचेच काम आहे. हिशेबनिसाने ते ठरवू नये.

प्रामाणिक माणसाचा कागद

या व्यवस्थेचे खरे दुबळे स्थान दुसरीकडे आहे. दहा प्रश्नांचा कागद प्रामाणिक माणूसच नीट भरतो. बीएई किंवा थेल्स आपला परकेपणा लपवीत नाहीत आणि लपवू शकतही नाहीत. त्यांच्यावर डोळे रोखलेलेच असतात. भीती आहे ती जो परका असून परका दिसत नाही त्याची. आपल्याकडे या प्रकाराला 'बेनामी' हा नेमका शब्द आहे.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये संरक्षण कंत्राटदारांच्या मालकीविषयी एक अहवाल दिला. नावापुरत्या कंपन्या, खोटे पत्ते आणि मालकाची लपविलेली ओळख यांची न्यायालयात शाबित झालेली प्रकरणे त्यात आहेत. त्यांतील एक प्रकरण न्यू जर्सीतील होते. आपला माल अमेरिकेतच तयार होतो असे सांगून एका छोट्या पुरवठादाराने संरक्षण खात्याची कामे मिळविली. प्रत्यक्षात लष्करी सामग्रीचे आराखडे परवान्यावाचून परदेशी पाठविले गेले आणि सुटे भाग बनवून घेतले गेले ते भारतात. आराखडे गोपनीय वर्गातील नव्हते, निर्यातबंदीखालील होते. एफ-१५ विमानांच्या पंखांत बसविलेले काही भाग सदोष निघाले आणि २०१२ मध्ये सुमारे ४७ विमाने जमिनीवर उभी करावी लागली. हे काम गोपनीय वर्गात मोडत नसल्यामुळे दहा प्रश्नांचा कागद तेथपर्यंत पोहोचलाच नव्हता. कोट्यवधी डॉलरच्या विलीनीकरणांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या मागच्या दाराने एक क्षुल्लक खिळ्याएवढी वस्तू आत आली आणि तिने लढाऊ विमानांचे ताफे अडवून धरले.

हा धडा अमेरिकी संसदेने घेतला, असे दिसते. २०१९ च्या अखेरीस संमत झालेल्या संरक्षण कायद्यात, पन्नास लाख डॉलरहून मोठे कंत्राट गोपनीय नसले तरी त्याच्या खऱ्या लाभधारक मालकाची चौकशी व्हावी, अशी तरतूद करण्यात आली. परंतु न्यू जर्सीसारखा पुरवठादार पन्नास लाखांच्या उंबरठ्याच्या आतच वावरतो. उंबरठा खाली आणावा तर सहस्रावधी लहान कारखानदार कागदांच्या ढिगाखाली गाडले जातील. वर ठेवावा तर बेनामी माणूस त्याखालून वाकून जाईल. या पेचातून पूर्णपणे सुटण्याचा मार्ग कोणत्याही देशाला सापडलेला नाही.

टक्क्यांच्या पलीकडे

भारतात या विषयाची चर्चा बहुधा एका आकड्याभोवती फिरते. २००१ साली संरक्षण उत्पादन खाजगी क्षेत्राला खुले झाले आणि परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के ठरली. २०१४ मध्ये ती ४९ वर गेली. २०२० मध्ये नव्या परवान्यांसाठी ७४ टक्क्यांपर्यंत सरकारच्या पूर्वसंमतीची अट उरली नाही, मात्र राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने तपासणी करण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला. दर वेळी वाद रंगला तो आकड्यावर. २६ म्हणजे सुरक्षित आणि ७४ म्हणजे देश विकला, असे एका बाजूचे म्हणणे. ७४ म्हणजे तंत्रज्ञानाची गंगा, असे दुसऱ्या बाजूचे.

आकड्यापलीकडचे नियम नव्हते, असे नाही. सुरुवातीच्या मार्गदर्शक नियमांत व्यवस्थापन भारतीयांच्या हाती असावे आणि मुख्य अधिकारी निवासी भारतीय असावेत, अशी अट होती. परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी सुरक्षा-नियमावली आहे आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम तर आहेच. परंतु जाहीर विचारमंथनात कर्ज कोणाचे, गिऱ्हाईक कोण, संगणकप्रणाली कोणाची, यंत्राचा सुटा भाग कोणाकडून येतो, हे प्रश्न क्वचितच ऐकू येतात. खडकी, देहू रोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा येथील आयुधनिर्माणी २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या रूपात काम करीत आहेत आणि संरक्षण सामग्रीच्या पुरवठ्यात खाजगी कारखान्यांचा वाटा वाढतो आहे. म्हणून हे प्रश्न महाराष्ट्राला दूरचे नाहीत. एखाद्या लहान कारखान्यात परकीयांचा एकही भाग नसतो. पण त्याचे निम्मे उत्पन्न एकाच परदेशी गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर टक्क्यांच्या कायद्याला त्यात वावगे काही दिसणार नाही.

अमेरिकेची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असा याचा अर्थ नव्हे. तेथे संरक्षण खाते हे जगातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे, म्हणून ते मालकाला बांधाबाहेर उभे करू शकते. भांडवल आणि तंत्रज्ञान या दोहोंची गरज असलेला देश तशीच अट घालील, तर येणारा पाहुणा ओसरीवरूनच परतेल. शिवाय मुखत्यार-करार चालतो तो कागदाच्या बळावर नव्हे. मालकाकडून वेतन घेऊनही मालकाला 'नाही' म्हणणारी तीन माणसे असतात, म्हणून तो चालतो. अशी माणसे मिळणे आणि त्यांच्या नकारामागे सरकार उभे राहणे, या दोन गोष्टी कायद्याच्या कलमाने निर्माण होत नाहीत. संचालक मंडळावरील स्वतंत्र संचालक हे पद ज्या देशात पुष्कळदा निवृत्तांच्या सोयीचे साधन होते, त्या देशाने हे विशेषच ध्यानात ठेवले पाहिजे.

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि तिला फारसे भांडवल लागत नाही. मालकी मोजण्याआधी प्रभाव विचारला पाहिजे. एलटीव्हीच्या प्रकरणात फ्रेंच सरकारचे नाव पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच त्याला आवर घालता आला. झाइसचे नाव जवळजवळ दोन दशके हिशेबाच्या वहीत दडून राहिले. दरवाजावर पाटी लावून येणाऱ्या परक्यापेक्षा, घरच्याच माणसाच्या नावाने येणारा परका अधिक महागात पडतो, एवढे ओळखून जो देश आपले प्रश्न तयार ठेवील, त्याला भांडवलाचे दार उघडे ठेवूनही रात्री निर्धास्त झोपता येईल.